शक्तितत्त्व आणि श्रीशांतादुर्गा

गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास वाचू लागले म्हणजे श्रद्धावंताच्याही मनात एक शंका उभी राहते, आणि श्रद्धा नसलेला मनुष्य तर ती उघडपणे बोलून दाखवितो. ज्या जगन्मातेने महिषासुराचे निर्दालन केले, जिच्या नुसत्या हुंकाराने धूम्रलोचन भस्म झाला असे पुराण सांगते, त्या देवीला सोळाव्या शतकात केळोशीचे आपले मूळ स्थान सोडून जुवारी नदीपलीकडे कवळ्यास यावे लागले. तेही भक्तांच्या हातांनी, परकीय सत्तेची नजर चुकवून. मग रक्षण कोणी कोणाचे केले? देवीने भक्तांचे, की भक्तांनी देवीचे? आणि जिचे रक्षण माणसांना करावे लागले तिला ‘शक्ती’ हे नाव कोणत्या अर्थाने शोभते?

ही शंका नास्तिकाची म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. पूर्वपक्ष जितका सबळ तितका सिद्धान्त दृढ, असा आपल्या शास्त्रचर्चेचा दंडक आहे. शिवाय या एका प्रश्नाच्या उत्तरात शक्तितत्त्वाचे मर्म साठविलेले आहे. म्हणून शास्त्राने शक्ती कशाला म्हटले ते प्रथम पाहून मग गोमंतकाच्या इतिहासाकडे वळणे इष्ट होय.

‘शक्ती’ हा शब्द संस्कृतातील ‘शक्’ या धातूपासून झाला. ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे, करू शकणे. या धातूस ‘क्तिन्’ प्रत्यय लागून ‘शक्ति’ हे रूप सिद्ध होते; आणि पाणिनीच्या व्याकरणाप्रमाणे हा प्रत्यय स्त्रीलिंगीच शब्द घडवितो. मारणे, जिंकणे, वर्चस्व गाजविणे यांपैकी एकही अर्थ मूळ धातूत नाही. अग्नी जाळू शकतो, बीज अंकुरू शकते, माता पोसू शकते, मनुष्य सोसू शकतो. या सर्व ‘शकण्या’चे नाव शक्ती. मराठीतील ‘शकणे’ हे क्रियापदही याच धातूचे अपत्य आहे. तेव्हा ‘हे काम करू शकतो’ असे म्हणणारा प्रत्येक मराठी माणूस नकळत देवीचेच नाव उच्चारीत असतो. व्याकरणाचा आणखी एक संकेत ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘शम्’ धातूस हाच ‘क्तिन्’ प्रत्यय लागून ‘शान्ति’ शब्द होतो. शक्ती आणि शांती या अशा एकाच घडणीच्या दोन बहिणी होत. गोमंतकाच्या देवीच्या नावात त्या पुढे कशा एकत्र येतात ते यथाक्रम दिसेलच.

या तत्त्वाचा पहिला स्पष्ट उद्घोष ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२५ व्या सूक्तात आढळतो. आठ ऋचांच्या या सूक्तास परंपरा ‘देवीसूक्त’ म्हणते, आणि त्याची द्रष्टी आहे अंभृण ऋषींची कन्या वाक्. रुद्र, वसू, आदित्य यांच्यासह आपणच संचार करतो, प्राण्यांचे खाणे, पाहणे, श्वास घेणे, ऐकणे आपल्यामुळेच चालते आणि त्यांना स्वतःला याची जाणीवही नसते, असा या सूक्ताचा आशय आहे. दुसरा दाखला केनोपनिषदाच्या तिसऱ्या व चौथ्या खंडांतील. असुरांवर विजय मिळाल्याने देवांना गर्व झाला, तेव्हा त्यांच्यापुढे एक अपूर्व यक्ष प्रकटला. त्याने ठेवलेली एक काडी अग्नीला जाळता आली नाही, वायूला हलविता आली नाही. इंद्र जवळ जाताच यक्ष अंतर्धान पावला, आणि त्याच आकाशात उमा हैमवती प्रकट झाली. विजय तुमचा नव्हता, ब्रह्माचा होता, हे ज्ञान तिने इंद्राला दिले. देवांच्या राजाला स्वतःच्या सामर्थ्याचे मूळ सांगणारी गुरू येथे स्त्रीरूपिणी आहे. बळ ज्याच्या हाती दिसते त्याचे ते नसते, हा या कथेचा बोध प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

शक्त्युपासनेचा सर्वमान्य ग्रंथ म्हणजे मार्कंडेय पुराणातील ‘देवीमाहात्म्य’, म्हणजेच ‘दुर्गासप्तशती’. तेरा अध्याय आणि तीन चरित्रे असा त्याचा विस्तार असून अनेक संशोधक त्याची रचना इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकांतील मानतात. महिषमर्दिनीची उपासना त्याआधीच रूढ झाली होती, हे पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात विदिशेजवळ असलेल्या उदयगिरीच्या लेण्यांवरून दिसते. तेथील सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात महिषमर्दिनीची मूर्ती कोरलेली असून, त्याच लेण्यातील दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळचा शिलालेख इ. स. ४०१-०२ चा आहे.

सप्तशतीचा पाठ घरोघरी होतो. परंतु ती कोणासाठी सांगितली गेली याचा विचार क्वचितच होतो. तिचे श्रोते दोन आहेत. एक सुरथ राजा, ज्याचे राज्य शत्रूंनी व स्वतःच्या अमात्यांनी हिरावून घेतले. दुसरा समाधी नावाचा वैश्य, ज्याला बायकामुलांनी धनाच्या लोभाने घराबाहेर काढले. दोघेही आपापल्या स्थानातून उखडले गेलेले, दोघेही अरण्यात मेधस ऋषींच्या आश्रयाला आलेले, आणि दोघांचेही मन सोडून आलेल्या घरादारात गुंतलेले. शक्तीची ही महाकथा विजयी सम्राटाच्या सभेत सांगितली गेलेली नाही. ती सांगितली गेली दोन निर्वासितांना. गोमंतकीयांच्या घरात या ग्रंथाला जे जिव्हाळ्याचे स्थान आहे, त्यास ही जुळणी पोषकच ठरली असेल.

दुसऱ्या अध्यायात देवीचा आविर्भाव वर्णिला आहे. महिषासुराने स्वर्गातून हाकलून दिलेल्या देवांच्या शरीरांतून तेज बाहेर पडले, ते एकत्र आले आणि त्या एकवटलेल्या तेजाची एक नारी झाली. शंभूच्या तेजाचे मुख, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे बाहू. मग शिवाने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, हिमालयाने वाहनास सिंह. यातील एकही देव एकट्याने महिषाला जिंकू शकला नव्हता. विखुरलेले तेज एका ठिकाणी येणे हाच देवीचा अवतार.

परंतु यावर आक्षेप येऊ शकतो की दुसऱ्यांचे तेज आणि दुसऱ्यांची शस्त्रे घेऊन लढणारीचे स्वतःचे असे काय? नवल असे की हा आक्षेप ग्रंथकाराने स्वतःच नोंदविला आहे, आणि तो घातला आहे शुंभासुराच्या मुखी. दहाव्या अध्यायात शुंभ देवीला हिणवितो की इतरांच्या बळाच्या आधारावर तू लढतेस, मग गर्व कशाचा? त्यावर देवी उत्तर देते की या जगात आपण एकटीच आहोत, दुसरे कोणी नाहीच; ज्या दिसतात त्या आपल्याच विभूती. आणि ब्राह्मणी, वैष्णवी इत्यादी सर्व मातृका तिच्या देहात विलीन होतात. भक्तांनी देवीला वाचविले असेल तर ती शक्ती कसली, असे विचारणारा मनुष्य वस्तुतः शुंभाचाच प्रश्न पुन्हा विचारीत असतो. त्याला उत्तरही तेच आहे.

या ग्रंथात देवीचे रूप केवळ उग्र नाही. पाचव्या अध्यायातील स्तुतीत देव तिला सर्व भूतांच्या ठायी वसणारी म्हणून नमन करतात, आणि तेथे चेतना, निद्रा, क्षुधा, स्मृती, दया, लज्जा, श्रद्धा अशी रूपे गणताना शक्ती आणि शांती या दोघींचाही वेगवेगळा उल्लेख येतो. चौथ्या अध्यायात, रणात कठोर असूनही शत्रूविषयी अंतःकरणात कृपा बाळगणारी अशी तिची थोरवी देवांनी गायिली आहे. अकराव्या अध्यायात ती शाकंभरी होण्याचे वचन देते: शंभर वर्षांच्या अवर्षणात ती स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी जगाला जगवील. म्हणजे संहार हे शक्तीचे प्रासंगिक कार्य असून धारण आणि पोषण हे तिचे नित्यकार्य आहे.

वेदान्तानेही हे तत्त्व नाकारलेले नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादावरील भाष्यात श्रीमच्छंकराचार्य स्पष्ट म्हणतात की शक्तीवाचून परमेश्वराचे स्रष्टृत्वच सिद्ध होत नाही. मराठीत श्रीज्ञानेश्वर महाराजांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्ती यांना परस्परांवाचून राहू न शकणारे दांपत्य म्हणून वंदिले. शिव व शक्ती हे दोन पदार्थ नव्हेत. असणे आणि असू शकणे यांत जेवढे अंतर तेवढेच त्यांच्यात आहे.

आता हा शास्त्रार्थ मनात ठेवून गोमंतकाकडे यावे. तेथे गावोगावी ‘सांतेरी’ या नावाने देवीची पूजा होते, आणि कित्येक ठिकाणी ती मूर्तीच्या रूपात नसून वारुळाच्या रूपात असते. मातीच्या पोटातून आपोआप वर येणारे वारूळ म्हणजे भूमातेच्या गर्भाचे प्रतीक होय, याचे सविस्तर विवेचन डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात केले आहे. शेत पिकविणाऱ्या समाजाची ही भूमिरूप आई आणि पुराणांतील दुर्गा यांचा गोमंतकात संगम झाला, आणि सांतेरी व शांतादुर्गा ही नावे एकाच देवीची म्हणून रूढ झाली.

शांतादुर्गेची परंपरागत कथा अशी की एकदा शिव आणि विष्णू यांच्यात घोर युद्ध जुंपले व त्रिभुवन भयभीत झाले. ब्रह्मदेवाच्या प्रार्थनेवरून देवी त्या दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि दोहोंचे हात धरून तिने युद्ध शमविले. या युद्धात कोणी हरले नाही, कोणी जिंकले नाही. दुर्गा नावाचा रुद्र अर्थ येथे ‘शांता’ या विशेषणाने उजळून निघाला. दोन सबळांच्या मध्ये निःशंक उभे राहावयाचे तर दोघांहूनही अधिक बळ हवे. म्हणून शांतादुर्गा ही दुर्गेची सौम्य प्रतिकृती नसून तिच्या सामर्थ्याची परिपूर्ती आहे. या कथेला समाजजीवनातही एक प्रत्यंतर सापडते. गोमंतकातील सारस्वतांत कोणी स्मार्त मठाचे शिष्य आहेत, कोणी वैष्णव मठाचे. गुरुपरंपरा भिन्न, मुद्रा भिन्न, एकादशीचे निर्णयही प्रसंगी भिन्न. परंतु यांपैकी अनेक घराण्यांची कुलदेवी एकच आहे. शिवविष्णूंच्या मध्ये उभी असलेली देवी अशा प्रकारे शैव-वैष्णवांच्याही मध्ये उभी आहे.

या देवीवर जो प्रसंग ओढवला त्याचा कालक्रम असा. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे शहर आणि तिसवाडी जिंकली. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश हे प्रांत त्यांच्या ताब्यात आले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेलीच होती. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायालयाचे, कार्य गोव्यात सुरू झाले. आणि १५६७ मध्ये एकट्या साष्टीत सुमारे २८० देवळे उद्ध्वस्त केल्याची नोंद आहे. आज मुरगाव तालुक्यात मोडणारे केळोशी हे गाव त्या काळी साष्टीतच होते. नदीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि पोर्तुगीजांचा कायदा तेथे चालत नव्हता.

त्या दशकात केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, सांकवाळची विजयादुर्गा केरीस, कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास, अशी अनेक दैवते आपली गावे सोडून निघाली. मूर्ती हलविणे हे एका हाताचे काम नव्हे. ती गाभाऱ्यातून काढणारा पुजारी, वाहणारे सेवेकरी, होडी वल्हविणारा, वाट दाखविणारा, पलीकडे जागा देणारा गावकरी आणि हे सर्व ठाऊक असूनही मौन राखणारे शेजारी, इतक्यांचे बळ एकवटल्याखेरीज असे कार्य होत नाही. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाने जपली नाहीत. ज्या बळाच्या अंगी ‘मी’पणा नसतो त्याची अशीच गत व्हावयाची. परंतु सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात देवांच्या तेजाचे जे झाले, तेच जुवारीच्या काठी माणसांच्या तेजाचे झाले.

त्यानंतरचा काळ दीर्घ धैर्याचा होता. स्थलांतरानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी कवळ्यास आजचे भव्य मंदिर उभे राहिले. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील मंत्री नारो राम हे मूळचे वेंगुर्ल्याजवळील कोचऱ्याचे. त्यांच्या खटपटीने शाहू महाराजांचे साह्य लाभले, १७३८ च्या सुमारास मंदिराचे काम पूर्ण झाले आणि १७३९ मध्ये कवळे गाव देवीला इनाम मिळाला. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला खरा. पण तोवर काळ पालटला होता आणि नव्या मुलखातील देवळांना त्यांनी हात लावला नाही.

जे लोक मागे साष्टीत राहिले व ज्यांना धर्मांतर करावे लागले, त्यांच्या घरांतील एक पुरावाही येथे विचारात घेतला पाहिजे. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने एक विस्तृत मनाईपत्र काढले. लग्नात हळद लावणे, मंगलप्रसंगी ओव्या गाणे, दारी तुळस ठेवणे, एकादशीचा उपवास करणे अशा चालींना त्यात ख्रिस्ती रयतेसाठी बंदी होती. जी गोष्ट घडतच नाही तिच्यावर बंदी कोणी घालीत नाही. तेव्हा देवळे पाडल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे या चाली जिवंत होत्या, हे मनाईपत्रच सिद्ध करते. आणि हळद, ओवी, तुळस, उपवासाचा स्वयंपाक हा प्राधान्याने स्त्रियांच्या हातचा संसार. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती, शस्त्र नव्हते, अक्षरही बहुधा नव्हते, त्यांच्या स्मृतीने राजाज्ञेलाही दीर्घकाळ दाद दिली नाही. सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात जगातील सर्व स्त्रिया देवीचीच रूपे होत असे म्हटले आहे. त्या वचनाला इतिहासाने दिलेली ही साक्ष होय.

शांतादुर्गेच्या नावाची खरी कसोटी मात्र कुंकळ्ळीस लागली. १५८३ च्या जुलैत तेथील गावकऱ्यांनी देवळांच्या नाशामुळे चिडून उठाव केला. त्यात पाच जेझुइट पाद्री व त्यांच्याबरोबरचे लोक मारले गेले. पुढे बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविलेल्या गावकरी प्रमुखांची कत्तल करण्यात आली. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली, आणि गावातील घराणी काळाच्या ओघात दोन धर्मांत विभागली गेली. इतक्या रक्तपातानंतर वैर पिढ्यान्‌पिढ्या टिकावे, हा जगाचा नियम. परंतु आजही दरवर्षी फाल्गुनात शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीचा छत्रोत्सव होतो. देवी फातर्प्याहून आपल्या मूळ गावी मिरवत येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्यासवे चालतात, गुलाल उधळला जातो आणि त्या वांगडांत हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरही आपला मान राखून असतात. शिव आणि विष्णू यांच्यामध्ये उभी राहिलेली देवी येथे दुभंगलेल्या भावांच्या मध्ये उभी आहे. महिषाला मारणे हे शक्तीचे एक कार्य. मनातील वैर मावळविणे हे त्याहून कठीण कार्य, आणि ज्या देवीने ते केले तिला गोमंतकाने ‘शांता’ म्हटले.

आरंभीच्या शंकेचा निरास आता सहज होतो. भक्तांनी देवीला वाचविले हे खरे, आणि देवीने भक्तांना वाचविले हेही खरे. कारण ज्या बळाने त्यांचे हात उचलले गेले ते बळ म्हणजेच देवी. पाषाणाची मूर्ती भंगू शकते, देऊळ पडू शकते. अंभृणकन्या वाक् हिने सांगितलेले, श्वासाश्वासात वसणारे ते सामर्थ्य कोणत्याही राजाज्ञेला पाडता येत नाही. मूर्ती त्याचे अधिष्ठान आहे म्हणूनच प्राण पणाला लावून ती जपावयाची.

या सिद्धान्तातून उपासकावर काही ऋणही येते. सर्व स्त्रिया देवीची रूपे असे नवरात्रात म्हणावयाचे आणि घरातील सुनेच्या, लेकीच्या, विधवेच्या वाट्याला अवमान यावा, हा पाठ अपुरा होय. विखुरलेले तेज एकवटणे हा देवीचा अवतार असे मानावयाचे आणि देवस्थानाच्या मानपानावरून भावाभावांनी न्यायालयाची पायरी चढावी, ही शांतादुर्गेची सेवा नव्हे. पूर्वजांनी मूर्ती नदीपार नेली तेव्हा पालखीचा पहिला मान कोणाचा हे विचारण्यास त्यांना उसंत नव्हती.

आज देवीचे कुळावी कारवार, बेळगाव, मुंबईपासून इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरे, हैदराबादपर्यंत पसरले आहेत. तेही एका अर्थी सुरथ आणि समाधी यांचेच वंशज. मूळ स्थान सोडून दूर वसलेले, पण मन तेथेच गुंतलेले. घरात मंगलकार्य निघाले की देवीचा नारळ वेगळा काढून ठेवला जातो, आणि कवळ्यास येऊन देवीची ओटी भरल्याखेरीज सासरी आलेल्या नव्या सुनेचे येणे पुरे झाले असे वडीलधाऱ्यांना वाटत नाही. ती ओटी भरताना कोणत्या हातांनी ही माउली नदीपार आणली याचे स्मरण व्हावे, आणि त्या हातांतील एकोपा व निरहंकार पुढील पिढ्यांच्या अंगी उतरावा, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.